शब्दकोडे अडले तर : मदत कोठून आणि कोणत्या क्रमाने घ्यावी?

दैनिकातील शब्दकोड्याचे सोपे शब्द पटापट भरले जातात आणि मग कोडे अडते. अशा वेळी उत्तर थेट विचारून घेण्याकडे किंवा मोबाइलवर शोधण्याकडे अनेकांचा कल असतो. चौकट भरते, पण तसा मिळालेला शब्द दुसऱ्या दिवसापर्यंतही स्मरणात राहत नाही. गोव्यात अनेक घरांत बोलणे कोकणीतून, शालेय शिक्षण इंग्रजीतून आणि वाचन मराठीतून चालते. अशा घरांत रोजचे कोडे हा मराठी शब्दसंग्रह टिकवण्याचा एक छोटा, परंतु नियमित मार्ग ठरतो. त्यामुळे मदत कोठून आणि कोणत्या क्रमाने घ्यावी, याला महत्त्व आहे.

कोड्याचे कूळ

आधुनिक शब्दकोड्याचा आरंभ २१ डिसेंबर १९१३ रोजी झाला, असे मानले जाते. त्या दिवशी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आर्थर विन यांनी रचलेले हिऱ्याच्या आकाराचे कोडे प्रसिद्ध झाले. लंडनच्या 'टाइम्स'ने १ फेब्रुवारी १९३० रोजी, तर 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १५ फेब्रुवारी १९४२ रोजी आपले कोडे सुरू केले. ब्रिटनमध्ये श्लेष आणि अक्षरांची उलटापालट यांवर बेतलेली गूढ कोडी रुजली. मराठी दैनिकांतील बहुतेक कोडी मात्र सरळ अर्थाची असतात. समानार्थी शब्द, गाव, नदी, पौराणिक वा ऐतिहासिक व्यक्ती, वाक्प्रचार यांवर त्यांची सूचके रचलेली असतात.

पहिली मदत चौकटीची

मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर येते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि विसर्ग यांना वेगळे घर नसते. जोडाक्षरही एकाच घरात बसते. म्हणून 'महाराष्ट्र' हा शब्द चार घरांचा, 'स्वातंत्र्य' तीन घरांचा आणि 'दुःख' दोन घरांचा होतो. इंग्रजीत एक अक्षर कळले, तर सव्वीस शक्यतांपैकी एक निश्चित होते. मराठीत व्यंजन आणि स्वर दोन्ही एकदम कळतात, त्यामुळे एकाच घराने शक्यता झपाट्याने कमी होतात. अडलेला शब्द तसाच सोडून त्याला छेदणारे शब्द आधी सोडवावेत, असे जाणकार सांगतात ते याचसाठी.

त्यातही पहिले घर सर्वांत मोलाचे, कारण शब्दकोश पहिल्या अक्षरावरून उघडतो. ज्या क्रमांकाचा शब्द आडव्या आणि उभ्या दोन्ही यादींत आहे, ते दोन शब्द एकाच घरातून सुरू होतात. त्यांपैकी एक सुटला की दुसऱ्याचे पहिले अक्षर आयते मिळते. कोडे अडल्यास प्रथम असे जोडक्रमांक पाहावेत.

सूचकाचे व्याकरण

सूचक आणि उत्तर यांची व्याकरणिक जात सहसा सारखी असते. सूचक क्रियापदाचे असेल, तर उत्तराचा शेवट बहुधा 'णे' असतो. ते अक्षर शेवटच्या घरात पेन्सिलीने हलके लिहून ठेवता येते. सूचक विशेषण असेल तर विशेषणच शोधावे, अनेकवचनी असेल तर अनेकवचनी रूप पाहावे. प्रत्यय मात्र प्रत्येक वेळी जुळतोच असे नाही. 'मोठेपणा'चे उत्तर 'थोरवी'ही असू शकते.

एका धातूतून अनेक उत्तरे

कोड्यांत वारंवार येणारे संस्कृत शब्द सुटे पाठ करण्याऐवजी त्यांची घडण ओळखणे अधिक लाभदायक असते. 'जल', 'नीर', 'अंबु' आणि 'वारि' हे चारही शब्द पाण्याचे. त्यांना 'ज' म्हणजे जन्मलेला हे पद जोडले की कमळ होते : जलज, नीरज, अंबुज, वारिज. 'द' म्हणजे देणारा हे पद जोडले की ढग होतो : जलद, नीरद, अंबुद, वारिद. 'धी' जोडले की समुद्र होतो : जलधी, नीरधी, अंबुधी, वारिधी. चार शब्द आणि तीन पदे यांतून बारा उत्तरे हाती येतात.

हे बाराही शब्द तीन घरांचे आहेत. 'ढग' या सूचकासाठी तीन घरे असतील आणि शेवटचे 'द' मिळाले असेल, तरी चारपैकी कोणता शब्द हे ठरत नाही. तेथे पहिले किंवा मधले घरच निर्णय देते. 'हत्ती' या सूचकाचेही तसेच आहे. कुंजर, मातंग, वारण, द्विरद हे सारे तीन घरांचे. अशा ठिकाणी अंदाजाने शब्द लिहिल्यास शेजारचे शब्दही बिघडतात.

कोश : कोणता, केव्हा?

पहिले अक्षर हाती असेल तर यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आदींनी संपादित केलेला 'महाराष्ट्र शब्दकोश' सर्वांत उपयोगी पडतो. त्याचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले आणि पुरवणी खंड १९५० मध्ये आला. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. अर्थ इंग्रजीतून असल्याने इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना तो जवळचा वाटतो. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल कोशसंग्रहात विनामूल्य पाहता येतात.

पहिले अक्षर ठाऊक नसेल, तर सूचकातील शब्दच कोशात पाहावा. त्याच्या अर्थात दिलेल्या प्रतिशब्दांत उत्तर दडलेले असण्याचा संभव मोठा असतो. संस्कृत प्रतिशब्दांसाठी 'अमरकोश' आहेच. त्याची मांडणी विषयवार असल्याने पहिल्या अक्षराची गरज भासत नाही. व्यक्ती, स्थळे आणि संकल्पना यांसाठी 'मराठी विश्वकोश', तर सण, दैवते आणि आचार यांसाठी 'भारतीय संस्कृतिकोश' पाहावा. या दहा खंडी संस्कृतिकोशाचे संपादक पंडित महादेवशास्त्री जोशी हे सत्तरीतील आंबेडे गावचे.

जुने कोश पाहताना लेखनाचा फरक ध्यानात ठेवावा लागतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये लागू झाले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. जुन्या कोशांत 'नाव', 'पाच', 'केळे' हे शब्द 'नांव', 'पांच', 'केळें' असे आढळतात, तर 'कवी' आणि 'गती' यांची अखेरची वेलांटी ऱ्हस्व असते. संगणकावर आजच्या पद्धतीने शब्द टंकून तो सापडला नाही, तर जुन्या रूपाने पुन्हा शोधावा.

माणसांची मदत

काही शब्द कोशापेक्षा घरातील वडीलधाऱ्यांकडून अधिक चांगले कळतात. पाभर, मोट, कणगी, शिंके, माजघर यांचा अर्थ कोशात एका ओळीत मिळतो; ज्यांनी त्या वस्तू वापरल्या किंवा पाहिल्या, त्यांच्याकडून त्यांचा आकार आणि उपयोगही समजतो. 'नारळाचे झाड' या सूचकाला दोन घरे दिसली की गोव्यातील वाचकाला 'माड' सुचायला क्षणही लागत नाही. घाटावरच्या वाचकाला तेथे विचार करावा लागतो. पाभर आणि मोट यांच्या बाबतीत उलट घडते. किनारपट्टीचे बोलणे हे कोडे सोडवताना उपयोगी पडणारे भांडवल आहे. 'पगार', 'चावी', 'घमेले', 'बिजागरी' हे पोर्तुगीजमधून आलेले शब्दही मराठी कोड्यांत हक्काने येतात, हे विसरू नये.

मदत म्हणजे लबाडी का?

ही शंका बक्षिसी कोड्यांच्या काळापासून चालत आली असावी. त्या कोड्यांपैकी अनेकांत एकाच सूचकाला दोन-तीन शब्द चपखल बसत आणि 'खरे' उत्तर आधीच मोहरबंद ठेवलेले असे. तेथे ज्ञानापेक्षा नशिबाचा भाग मोठा होता. संसदेने १९५५ मध्ये बक्षीस स्पर्धा कायदा करून एका महिन्यातील बक्षिसांची एकूण रक्कम एक हजार रुपयांपुरती मर्यादित केली. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये हा कायदा वैध ठरवला. मात्र ज्या स्पर्धांचे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते, त्यांना तो लागू नाही, असेही स्पष्ट केले.

बक्षीस असेल तेथे स्पर्धेचे नियम पाळावेत. रोजच्या विनाबक्षिसी कोड्यात कोणाचे नुकसान होत नाही, त्यामुळे मदत घेण्यात गैर काही नाही. आधी चौकट, मग सूचक, मग माणसे, मग कोश आणि सर्वांत शेवटी छापील उत्तर, हा क्रम पाळल्यास शब्द अधिक पक्का होतो.

दुसऱ्या दिवशी उत्तर प्रसिद्ध झाल्यावर न सुटलेला शब्द, त्याचा अर्थ आणि त्याचा वापर असलेले एक वाक्य वहीत टिपून ठेवावे. कोड्यांत तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. काही आठवड्यांपूर्वी अडवणारा शब्द पुढच्या खेपेस स्वतःहून सुचला, तर घेतलेली मदत सार्थकी लागली असे समजावे.