शाळा बुडणे, बुडवणे आणि दांडी

शिरोळ हा पूर्वीच्या कोल्हापूर संस्थानाचा भाग. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. गैरहजेरी ही जणू सरकारी थकबाकी झाली. मराठी क्रियापदेही तशीच आहेत: कर बुडवावा वा चुकवावा, तशीच शाळाही.

मात्र भाषेचा निवाडा अधिक सूक्ष्म होय. कृष्णा-पंचगंगेच्या पुरामुळे शाळा 'बुडाली', तर दोष कोणाचाच नाही. मुलाने ती 'बुडविली', तर त्याचा. बापाने सुगीसाठी 'मुलाची शाळा बुडविली', तर बापाचा. 'दांडी' मात्र मूलच मारते. या प्रयोगात, कायद्याने ज्याला जबाबदार धरले, तो पालकच वाक्यातून नाहीसा होतो.