डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मळमळ, उलटी : कशी टाळावी?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा फक्त डोळा बधिर करून होते. त्यानंतर उलटीचा त्रास कमी जणांना होतो. मुलांच्या तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेनंतर तो बराच जास्त दिसतो. पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतरही होऊ शकतो.

उलटी का होते?
डोळ्याचे स्नायू ओढले गेले की नसांमार्फत मेंदूतील उलटीचे केंद्र चेतवले जाते. पूर्ण भूल आणि काही तीव्र वेदनाशामके यांनीही मळमळते. उलटीच्या जोराने डोळ्यावर दाब येतो, ताज्या जखमेवर ताण पडतो. म्हणून ती टाळणे महत्त्वाचे.

आधी डॉक्टरांना सांगा
• पूर्वी भूल दिल्यावर उलट्या झाल्या होत्या का
• प्रवासात गाडी लागते का
• मधुमेह, हृदयविकार आणि चालू असलेली सर्व औषधे

त्यानुसार भूलतज्ज्ञ ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन यांसारखी औषधे शस्त्रक्रियेच्या वेळीच देऊ शकतात. डेक्सामेथासोनने रक्तातील साखर वाढू शकते, म्हणून मधुमेह लपवू नका.

उपाशी किती वेळ राहावे?
पूर्ण भूल असेल तर साधारणपणे हलके खाणे व दूध 6 तास, अंगावरचे दूध 4 तास आणि साधे पाणी 2 तास आधी बंद करतात. तुमच्या रुग्णालयाने दिलेली वेळच पाळा. मूल रडते म्हणून बिस्कीट देऊ नका. भुलेत उलटी झाल्यास अन्न फुप्फुसात जाऊ शकते.

शस्त्रक्रियेनंतर
• आधी घोट घोट पाणी, मग पेज किंवा मऊ भात. मुलाला बळेच भरवू नका.
• गोंदिया किंवा नागपूरहून आमगावला परतायचे असेल तर मळमळ थांबल्यावरच निघा.
• डोळ्याचा दाब कमी करणाऱ्या अ‍ॅसिटाझोलामाइड गोळीनेही मळमळते. ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.
• मधुमेही रुग्णाच्या पोटात अन्न टिकत नसेल तर पुढची गोळी किंवा इन्सुलिन घेण्याआधी फोन करा.

हे पित्त नव्हे
उलटीसोबत डोळा किंवा डोके जोरात दुखत असेल, नजर कमी झाली असेल किंवा डोळा जास्तच लाल होत असेल, तर डोळ्यातील दाब वाढलेला असू शकतो किंवा जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. पित्ताची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाला त्याच वेळी फोन करा आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन निघा. काही तासांच्या उशिरानेही नजर जाऊ शकते.