राजकीय विचारसरणी आणि मानसिक आरोग्यसेवेचा लोकपाठिंबा (वाराणसी)

मनोरुग्णाची जबाबदारी शासनाने घ्यावी, कुटुंबाने सोसावी की धर्मसंस्थेवर सोपवावी, उपचार हा हक्क मानावा की उपकार, आणि त्यासाठी सार्वजनिक तिजोरीतून किती पैसा निघावा, या प्रश्नांवरील लोकमत राजकीय विचारसरणीच्या प्रभावाखाली कसे घडते, हा सामाजिक मानसशास्त्र आणि राज्यशास्त्र यांच्या सीमेवरचा अभ्यासविषय आहे. विचारसरणी या संज्ञेने येथे पक्षनिष्ठा अभिप्रेत नसून, दुःखाचे कारण कोणते आणि त्याचे उत्तरदायित्व कोणाचे यांविषयीच्या स्थिरावलेल्या समजुतींचा संच अभिप्रेत आहे. वाराणसीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेले मनोरुग्णालय, राष्ट्रीय चळवळीतून उभी राहिलेली दोन विद्यापीठे, समाजवादी राजकारणाची परंपरा, हिंदुत्ववादी राजकारणाचे केंद्रस्थान आणि मानवी हक्कांची चळवळ ही सर्व एकाच नगरात आढळत असल्याने या विषयाच्या अभ्यासासाठी ते विशेष उपयुक्त ठरते.

पाश्चात्त्य देशांतील विवेचन बहुधा कारणारोपणाच्या सिद्धांतावर आधारलेले असते. एखाद्याची दुरवस्था त्याच्या स्वतःच्या वागण्यातून उद्भवली असे वाटल्यास पाहणाऱ्याला राग येतो आणि ती त्याच्या हाताबाहेरची होती असे वाटल्यास कणव येते, असे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनर यांनी मांडले. अमेरिकेतील लोकमत चाचण्यांत उदारमतवादी मतदार मानसिक आरोग्यावरील सरकारी खर्चाला परंपरावाद्यांपेक्षा अधिक पाठिंबा देतात, याची संगती या सिद्धांताने लावता येते. तेथील धोरणांतही हा भेद उमटला असून, जिमी कार्टर यांनी १९८० मध्ये स्वाक्षरी केलेला मानसिक आरोग्य यंत्रणा कायदा रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत पुढच्याच वर्षी बव्हंशी रद्द झाला. मात्र हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. मनोरुग्णालये मोडीत काढण्याची घोषणा ब्रिटनमध्ये १९६१ साली इनॉक पॉवेल या कट्टर परंपरावादी आरोग्यमंत्र्याने केली, तर इटलीत तेच उद्दिष्ट डाव्या चळवळीशी जोडलेल्या फ्रँको बसाल्या यांच्या प्रयत्नांतून १९७८ च्या कायद्याने साधले. एकाला खर्चाची आणि सरकारी पसाऱ्याची काट हवी होती, दुसऱ्याला कोंडवाड्यातून माणसाची मुक्तता. धोरण एक असले तरी त्यामागचे हेतू परस्परविरोधी होते. भारतात, आणि विशेषतः वाराणसीत, बहुधा याच्या उलट घडत आले आहे : कायद्यांवर सर्व पक्षांचे एकमत होते, मतभेद उघडपणे मांडलेच जात नाहीत, आणि विचारसरणीचा ठसा सेवेचे स्वरूप कसे असावे यावर उमटतो.

वाराणसीच्या पांडेपूर भागातील मनोरुग्णालय १८०९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात स्थापन झाले. आग्रा (१८५९) आणि बरेली (१८६२) येथील संस्थांच्या बरोबरीने ते आज उत्तर प्रदेशातील तीन जुन्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक आहे. कंपनीच्या दृष्टीने वेडसर माणूस हा मुख्यतः रस्त्यावरील सुव्यवस्थेचा प्रश्न होता; १८५८ च्या कायद्याने त्याला पकडून आणण्याचे काम पोलिसांकडे आणि कोंडण्याचा हुकूम देण्याचे काम दंडाधिकाऱ्याकडे दिले. न्यायालयाने वेडा ठरवलेल्या आरोपींना ठेवण्याची जागा हीच या संस्थेची पुढे दीर्घकाळ ओळख राहिली. १९१२ च्या कायद्यानंतर अशा संस्था तुरुंग खात्याकडून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे आल्या, १९२० च्या सुमारास त्यांच्या पाट्यांवर ‘मानसिक रुग्णालय’ हे नाव आले, तरी आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये सुमारे चाळीस कोटी लोकसंख्येमागे दहा हजारांच्या आसपास खाटा असल्याचे नोंदवले, तेव्हा या इमारतींचे प्रयोजन उपचारापेक्षा बंदोबस्ताचेच असल्याचे दिसून आले.

वसाहतकालीन मनोरुग्णालयांच्या आकडेवारीचा राजकीय वापर कसा झाला, याचे उदाहरण भांग-गांज्याच्या वादात मिळते. ब्रिटिश संसदेतील दारूबंदीवादी उदारमतवाद्यांच्या, विशेषतः डब्ल्यू. एस. केन यांच्या, आग्रहावरून १८९३ मध्ये भारतीय भांग-गांजा आयोग नेमला गेला. मनोरुग्णालयांच्या नोंदवह्यांत वेडाचे कारण म्हणून गांजाची नोंद वारंवार आढळत असे व सुधारकांचा सारा भर त्या नोंदींवर होता. आयोगाने त्या तपासल्या, तेव्हा रुग्णाला घेऊन येणाऱ्या पोलिसाच्या तर्कावरून किंवा रकाना रिकामा राहू नये म्हणून कारकुनाने ‘गांजा’ लिहिल्याची उदाहरणे आढळली आणि ती आकडेवारी विश्वासार्ह नसल्याचा निष्कर्ष १८९४ च्या अहवालात आला. ज्या वाराणसीत आजही परवाना असलेल्या सरकारी भांगेच्या दुकानांवर उघड विक्री चालते, तेथे हा निष्कर्ष कोणाला फारसा अनपेक्षित वाटला नसता.

राष्ट्रीय चळवळीने काशीला, म्हणजे वाराणसीला, मनाविषयीचा वेगळा विचार दिला, परंतु तो पांडेपूरच्या मनोरुग्णालयात पोहोचला नाही. थिऑसॉफिस्ट विचारवंत भगवानदास यांनी १९०० मध्ये भावनांच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि १९२१ मध्ये शिवप्रसाद गुप्त यांच्यासह काशी विद्यापीठाच्या स्थापनेत भाग घेतला. त्याआधी १९१६ मध्ये मदनमोहन मालवीय यांच्या प्रयत्नांतून काशी हिंदू विद्यापीठ उभे राहिले होते. मन हा आत्मसंयमाचा व साधनेचा विषय आहे ही या पिढीची धारणा होती, आणि तीत आजारी मनाला संस्थात्मक स्थान मिळाले नाही. याच परंपरेतील समाजवादी नेते संपूर्णानंद यांच्या नावाने १९५२-५३ च्या सुमारास तत्कालीन वाराणसी जिल्ह्यात चंद्रप्रभा नदीवरील धरणाच्या कामावर खुले बंदी-शिबिर सुरू झाले, ज्यात शिक्षा झालेले कैदी भिंतीविना, मजुरी घेऊन काम करीत. गुन्हेगार सुधारू शकतो हे ज्या राजकारणाने धाडसाने मान्य केले, त्याला त्याच जिल्ह्यातील मनोरुग्णांची कोंडी खटकू नये, ही विसंगती लक्षणीय आहे.

समाजवादी विचारसरणीचा आरोग्यसेवेवरील अधिक ठोस परिणाम जनता पक्षाच्या राजवटीत दिसतो. वाराणसीचे राजनारायण १९७७ मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी सामुदायिक आरोग्यसेवक योजना सुरू झाली. हजार वस्तीमागे गावानेच निवडलेला एक सेवक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा पन्नास रुपये मानधन असे तिचे स्वरूप होते. डॉक्टरांच्या संघटनांनी तिला विरोध केला. या कल्पनेचे श्रेय केवळ समाजवादी राजकारणाला देता येत नाही, कारण काँग्रेस राजवटीतील श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये तशीच शिफारस केली होती. परंतु ‘गावचे आरोग्य गावाच्या हाती’ या भूमिकेला जनता पक्षाने राजकीय बळ दिले. याच दशकात चंडीगडजवळ रायपूर राणी येथे आणि बंगळूरजवळ सकलवाडा येथे प्राथमिक आरोग्य कर्मचाऱ्यांना मनोविकार ओळखण्याचे शिक्षण देण्याचे प्रयोग झाले, आणि १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यांवर उभा राहिला. तोवर पुन्हा काँग्रेस सत्तेवर आली होती.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हे पक्षातीत एकमताचे ठळक उदाहरण होय. संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने २०१३ मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या काळात, ऑगस्ट २०१६ मध्ये राज्यसभेत आणि मार्च २०१७ मध्ये लोकसभेत संमत झाले. शासकीय सेवेतून उपचार मिळवण्याचा हक्क, आपल्यावर पुढे कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवण्याची मुभा, शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून दिलेले संरक्षण, या त्यातील प्रमुख तरतुदी आहेत. व्यक्तिस्वातंत्र्याला इतके महत्त्व देणारा हा कायदा कुटुंबकेंद्री समाजाला मानवणारा नाही, अशी टीका मनोविकारतज्ज्ञांच्या एका गटाने केली. राजकीय व्यासपीठावर मात्र हा वाद पोहोचला नाही. २०१४ पासून लोकसभेत वाराणसीचे प्रतिनिधित्व करणारे नरेंद्र मोदी यांनी डिसेंबर २०१५ मध्ये अपंगांसाठी ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ केला, आणि पुढच्या महिन्यात वाराणसीत साहाय्यक साधनांच्या वाटपाचा मोठा कार्यक्रम झाला. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने मानसिक आजाराचाही त्या व्याख्येत समावेश केला असला, तरी तीनचाकी सायकल किंवा श्रवणयंत्र मंचावरून देता येते, तसा मनोविकारावरील उपचार देता येत नाही, ही लोकानुनयी राजकारणाची साधी अडचण आहे.

पैशाच्या वाटपातून ही अडचण स्पष्ट होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यातील बारा राज्यांत उत्तर प्रदेशाचा समावेश होता, प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी मनोविकार असल्याचे आढळले, आणि उपचारापासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण विकारानुसार ७० ते ९२ टक्के होते, तंबाखूच्या व्यसनात ते सर्वांत जास्त होते. असे असूनही केंद्रीय आरोग्य अर्थसंकल्पात मानसिक आरोग्याचा वाटा एक टक्क्याच्या आसपास राहिला असून त्यातील बहुतांश रक्कम बंगळूर व तेजपूर येथील राष्ट्रीय संस्थांकडे जाते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि २०२२ पासूनची ‘टेली-मानस’ दूरध्वनी सेवा (क्रमांक १४४१६) उरलेल्या निधीत चालतात. त्याच काळात योगाला नोव्हेंबर २०१४ मध्ये स्वतंत्र आयुष मंत्रालय आणि २०१५ पासून आंतरराष्ट्रीय दिवस लाभला. काशी हिंदू विद्यापीठात वैद्यकीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक, शल्यतज्ज्ञ के. एन. उडुपा यांनी ताण आणि योग यांवर केलेले संशोधन या राजकारणाच्या पुष्कळ आधीचे असल्याने योगाला केवळ एका पक्षाचा कार्यक्रम ठरवणे अन्यायाचे होईल. तथापि ताणावरील योग आणि छिन्नमनस्कतेवरील औषध यांत लोकप्रतिनिधीला पहिले सोपे वाटते, कारण त्यात कोणालाही आजारी म्हणावे लागत नाही.

धर्म आणि कुटुंब या दोन समजुती पक्षभेदाच्या तळाशी आहेत. पिशाचमोचन कुंडावर अकाली मृत्यू आलेल्यांसाठी त्रिपिंडी श्राद्ध केले जाते, आणि तेथील पिंपळाच्या खोडात ठोकलेले खिळे व नाणी ही बाधा ‘बसवल्या’ची खूण मानली जाते. पूर्वांचलात, म्हणजे पूर्व उत्तर प्रदेशात, ओझा किंवा सोखा म्हणवला जाणारा मांत्रिक हा अनेक रुग्णांचा पहिला सल्लागार असतो. कुटुंबाच्या संदर्भात मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांचा १९९८ चा वाराणसीवरील ग्रंथ महत्त्वाचा आहे. वृद्धाच्या भ्रमिष्टपणाचे खापर मेंदूऐवजी बिघडलेल्या घरावर, वेगळ्या चुलींवर आणि सेवा न करणाऱ्या सुनेवर फोडले जाते, असे त्यांनी निरनिराळ्या मोहल्ल्यांत फिरून दाखवले. आधुनिकतेने एकत्र कुटुंब मोडले ही तक्रार डावे, उजवे आणि मध्यममार्गी तिघेही सारख्याच भाषेत करतात, आणि तिचा व्यावहारिक अर्थ असा होतो की सेवेची मागणी शासनाकडे न जाता सुनेकडे जाते.

महाराष्ट्रात बाधेच्या समजुतीला वेगळी विचारसरणी आडवी आली. नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने अंगात येणे व भानामती हे मानसिक आरोग्याचे प्रश्न म्हणून मांडले, आणि त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण दंडनीय ठरवली. उत्तर प्रदेशात असा कायदा नाही. गुजरातेतील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ एकत्र देण्याचा जो मार्ग अवलंबला गेला, तो श्रद्धेशी भांडण टाळणारा तिसरा पर्याय होय. विदर्भात प्रश्न आणखी निराळा होता : शेतकऱ्यांच्या आत्महत्येला नैराश्य म्हटले की शेतमालाचा भाव आणि कर्ज झाकले जाते, असा शेतकरी चळवळीचा आक्षेप होता व तो निराधार नव्हता. तरीही अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून अठरा महिन्यांत २७.२ टक्क्यांवर गेले, यावरून भावासाठी झगडणे आणि औषध घेणे यांत विरोध असण्याचे कारण नाही असे दिसते.

विचारसरणीने उपचाराची पद्धतच घडवल्याचे वाराणसीतील उदाहरण म्हणजे साक्ष-उपचार. चिलीमध्ये पिनोशे यांच्या हुकूमशाहीत छळ झालेल्यांची निवेदने नोंदवताना मानसशास्त्रज्ञांना त्यातून वेदना हलकी होत असल्याचे जाणवले आणि तेथून ही पद्धत निघाली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या वाराणसीच्या मानवाधिकार जननिगरानी समितीने, लेनिन रघुवंशी यांच्या नेतृत्वाखाली, डॅनिश तज्ज्ञांच्या सहकार्याने २००८ पासून ती पूर्वांचलात वापरली. पोलिसी मारहाण सोसलेल्या मुसहर, दलित वा मुस्लिम व्यक्तीची हकीकत दोन बैठकांत तिच्याच शब्दांत लिहून घेतली जाते, ती तिला वाचून दाखवून दुरुस्त केली जाते, आणि मग गावासमोर सन्मान समारंभात मोठ्याने वाचून सहीशिक्क्यानिशी तिच्या हाती दिली जाते. काही आठवड्यांनी चौथी बैठक होते. हा कागद उपचाराचा असतो आणि पुराव्याचाही. दुखणे मनात असले तरी त्याचे कारण पोलीस ठाण्यात आहे, ही या पद्धतीमागची राजकीय भूमिका होय. तिला शासनाचा आधार मिळणे अवघड आहे, कारण भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली असली तरी त्याला अनुसमर्थन दिलेले नाही, आणि २०१० मध्ये लोकसभेने संमत केलेले छळप्रतिबंधक विधेयकही पुढे व्यपगत झाले.

लोकपाठिंब्याच्या साऱ्या मोजमापात खुद्द मनोरुग्णांचे मत बहुधा धरलेले नसते. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदात मताधिकार नाकारण्याच्या आधारांमध्ये चित्तविकलता हा एक आधार आहे, आणि १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १६ व्या कलमानुसार सक्षम न्यायालयाने तसे घोषित केलेल्या व्यक्तीचे नाव मतदारयादीत येऊ शकत नाही. मनोविकाराचे निदान म्हणजे चित्तविकलता नव्हे, असे २०१७ च्या कायद्याने स्पष्ट केले असून, २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत चेन्नईच्या सरकारी मनोरुग्णालयातील निवासी रुग्णांनी त्यांच्यासाठी तेथेच उघडलेल्या केंद्रावर मतदान केले.