पंखावरच्या गोलाचा मागोवा

टेबलावर हरिकेन विमानाचं मॉडेल आहे. १:७२ प्रमाणातलं, म्हणजे चाळीस फुटी पंख सतरा सेंटिमीटरांत. हिरवा-तपकिरी रंग वाळलाय. डिकलचा, म्हणजे भिजवून चिकटवायच्या चित्राचा, गोल पाण्यात सुटलाय, चिमट्यात धरलाय आणि हात तिथेच थांबलाय. कारण गोलाच्या मधोमध लाल ठिपका आहे. मला करायचंय ते १९४४ साली इंफाळला लढलेलं, अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालच्या, भारतीय हवाई दलाच्या एक नंबर स्क्वाड्रनचं विमान. त्या विमानांच्या गोलात लाल रंग नव्हताच.

विमान कोणत्या देशाचं हे सांगणारा हा गोल मुळात फ्रेंच. क्रांतीच्या काळात लोक टोपीला तिरंगी फितीचं फूल लावत, तेच फ्रेंचांनी १९१२ साली विमानाच्या पंखावर आणलं. ब्रिटिशांनी १९१४ साली आधी युनियन जॅक रंगवला. पण दुरून त्यातला क्रूस तेवढा दिसे, आणि क्रूस ही तर जर्मनांची खूण. मग त्यांनी फ्रेंच गोलच घेतला, रंग मात्र उलटे केले : बाहेर निळा, मध्ये लाल. १९३३ साली कराचीत चार वापिटी विमानांवर आपल्या पहिल्या स्क्वाड्रनची सुरुवात झाली, तेव्हा खूण हीच होती.

मग जपान युद्धात उतरलं. जपानी विमानावर लाल सूर्य. तोफेमागच्या माणसाला निर्णयासाठी मिळतो एखादा क्षण. तांबडं दिसलं की त्याचं बोट दाबलं जाणारच. अमेरिकेने मे १९४२ मध्ये आपल्या ताऱ्यातला लाल ठिपका पुसला. भारत-ब्रह्मदेश आघाडीवरही लाल गेला. त्या जागी पांढरा आणि पुढे फिका निळा आला. गोलही लहान झाला, सोळा इंचांच्या आसपास. मॉडेलवर तो जेमतेम साडेपाच मिलिमीटर भरतो, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षाही लहान.

खरी कसोटी इथे लागते. त्या काळच्या कृष्णधवल छायाचित्रात फिका निळा आणि पांढरा जवळजवळ सारखेच दिसतात. एकाच फोटोवर विसंबून रंग ठरवू नये. त्याच स्क्वाड्रनचे, त्याच महिन्यांतले जितके मिळतील तितके फोटो शेजारी ठेवून पाहावेत. मी फिका निळा कालवतो, त्यात पांढऱ्याचा अंश जास्त ठेवतो आणि अगदी बारीक ब्रशने गोलाच्या मधोमध टेकवतो. दोन पातळ हात, मध्ये रात्रभर वाळवण.

स्वातंत्र्यानंतर थोडी वर्षं या गोलाच्या जागी निळं अशोकचक्र आलं. काश्मीरच्या लढाईतलं टेम्पेस्ट विमान करणाऱ्याने ते विसरू नये. प्रजासत्ताक झाल्यावर आजचा गोल आला : मध्ये केशरी, मग पांढरा, बाहेर हिरवा.

तुम्हीही इंफाळचं हरिकेन करायला घेतलंत, तर खोक्यातला लाल ठिपक्याचा गोल बाजूला ठेवा. त्या आघाडीवरच्या वैमानिकांच्या जिवासाठी तो मुद्दाम पुसला होता. आपण तो परत चिकटवू नये.