क्रॉसची साडेतीनशे वर्षं

‘क्रॉस गेलाय, बदलावा लागेल.’ ट्रकच्या कुठल्याही गॅरेजमध्ये हे वाक्य कानावर पडतं. क्रॉस म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टच्या टोकांना तो बसवलेला असतो. एवढ्याशा तुकड्यामागे मोठा इतिहास आहे, म्हणून आज तो सांगावासा वाटतो.

अडचण साधी आहे. गिअरबॉक्स चॅसीला बांधलेला, तर मागचा ॲक्सल पाट्यांवर खाली-वर होणारा. खड्डा आला की दोघांमधला कोन बदलतो. तरीही फिरकी पुढे पोहोचली पाहिजे.

युरोपात या जोडाला ‘कार्डन’ म्हणतात, ते सोळाव्या शतकातल्या जिरोलामो कार्डानो या इटालियन वैद्य-गणितज्ञाच्या नावावरून. पण ‘युनिव्हर्सल जॉइंट’ हे नाव दिलं ते इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं. १६७६ साली सूर्य पाहण्याच्या उपकरणांवर त्याचं पुस्तक निघालं, त्यात हा जोड आहे. त्यातली गोम अशी, की जोड कोनात असला की पुढचा दांडा एकसारख्या वेगानं फिरत नाही. कोन ३० अंशांचा आणि मागचा दांडा मिनिटाला १००० फेरे घेणारा असेल, तर पुढच्याचा वेग एकाच फेऱ्यात ८६६ ते ११५५ असा दोनदा हेलकावतो. उपाय एकच : दुसरा जोड बसवायचा, म्हणजे पहिल्याची चूक दुसरा पुसून टाकतो.

सुरुवातीच्या अनेक मोटारी साखळीवर चालत. साखळी धूळ खाई, आवाज करी. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या क्लॅरेन्स स्पायसरनं १९०३ साली मोटारीसाठी या जोडाचं पेटंट मिळवलं आणि १९०४ पासून न्यू जर्सीत उत्पादन सुरू केलं. साखळी मागे पडली.

आता आपल्या मिस्त्रीकडे पाहा. शाफ्ट उतरवण्याआधी तो खडूनं खूण करतो. लॉक काढतो, वाट्या ठोकून बाहेर घेतो, नव्या वाट्यांतल्या सुईएवढ्या रोलरना ग्रीस लावतो आणि खुणेला खूण जुळवूनच शाफ्ट चढवतो. दोन्ही टोकांचे दुबेळके एका रेषेत नसले, तर एका जोडाची चूक दुसरा पुसत नाही, वाढवतो. गाडी थरथरते, नवा क्रॉसही लवकर जातो. हूकचं गणित त्यानं वाचलेलं नसतं. ते त्याच्या खडूत असतं.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. क्लच सोडताना येणारा ‘टक्’ आवाज, वाटीभोवती दिसणारी तांबूस भुकटी या क्रॉसच्या हाका आहेत. त्या ऐकल्या नाहीत आणि घाट उतरताना शाफ्ट निखळला, तर इंजिनाचा चाकांवरचा आवर सुटतो. भरल्या ट्रकचा सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून खडूची ती रेघ पुसू नका.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)