शोकाकुल नावाची पाल

मराठीत पाल चुकचुकते ती बहुधा शंकेची. आपल्या साहित्यव्यवहाराने तिला याहून मोठी भूमिका क्वचितच दिली. म्हणून एका जेमतेम बोटभर पालीचे चरित्र येथे सांगावेसे वाटते.

१८३६ साली द्युमेरिल आणि बिब्राँ या फ्रेंच अभ्यासकांनी आपल्या सरीसृपविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात ताहिती बेटावरच्या एका पालीचे वर्णन केले आणि तिला 'लुगुब्रिस', म्हणजे शोकाकुल, हे लॅटिन नाव दिले. आज ती लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिस म्हणून ओळखली जाते. या जातीत जवळजवळ सगळ्या माद्याच. नर क्वचित आढळतो, तोही वंध्य. मादी समागमाविना दोन अंडी घालते आणि त्यांतून तिचीच प्रतिकृती असलेल्या लेकी बाहेर येतात. क्युएलर आणि क्लूज यांनी १९७२ मध्ये याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, तो हॉल्डेन यांनी भारतात आणलेल्या 'जर्नल ऑफ जेनेटिक्स'मध्ये. नराच्या अभावामुळे हा शोक, असा अर्थ लावण्याचा मोह आपल्यासारख्या वाचकांना होणारच. परंतु नाव ठेवणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊकच नव्हती. श्लेष आहे तो आपला.

मुळात हे कुळ पितृहीन नव्हे. दोन निराळ्या जातींच्या संकरातून ते जन्मले. त्यांपैकी एकीचे नाव 'मोएस्टस'. त्याचाही अर्थ दुःखी!

अशा पालीला नवे बेट वसवायला एकटी मादी पुरते. लाकडाला घट्ट चिकटणारी तिची अंडी माणसांच्या होड्यांबरोबर पॅसिफिकभर पोहोचली असावीत.

पण १८३६ च्या त्याच खंडात, काही पाने पुढे, जावातील आणखी एका पालीचे वर्णन आहे: हेमिडॅक्टिलस फ्रेनाटस. कोकणात ट्यूबलाइटखाली चुकचुकणारी आपली घरपाल तीच. विसाव्या शतकाच्या मध्यास ती हवाईत शिरली आणि शहरी भिंतींवरून लुगुब्रिस हटू लागली. पेट्रेन, बोल्जर व केस यांनी १९९३ मध्ये याचे कारण दाखवले. दिव्यापाशी कीटक दाटतात, तेथे अंगाने मोठी, चपळ फ्रेनाटस त्यांचा फन्ना उडवते आणि लुगुब्रिस तिला टाळून बाजूला सरते. म्हणजे या पराभवात अलैंगिकतेइतकाच, किंबहुना अधिक, वाटा आपल्या विजेच्या दिव्याचा आहे. जेथे असे दिवे नाहीत, तेथे झाडांच्या सालींखाली एकाच आईच्या हुबेहूब लेकी अजूनही अंडी घालत आहेत.