ठिगळकाम, कागदी साच्यावरील

कागदाच्या भौमितिक तुकड्यावर कापड ओढून ते टाचावयाचे आणि असे तुकडे कडेशी कड लावून हाताने जोडावयाचे, अशी ही शिवणपद्धती आहे. ती इंग्लंडमध्ये विशेष रुजली. अमेरिकेत धावदोऱ्याने तुकडे जोडण्याची रीत अधिक रूढ झाली. तिच्याहून वेगळी ओळखण्यासाठी हिला ‘इंग्रजी’ हे विशेषण लावतात.

पद्धतीचे स्वरूप लहान वस्तूत, उदा., टाचण्या खोचून ठेवण्याच्या उशीत म्हणजे पिनकुशनमध्ये, नीट कळते. सु. २·५ सेंमी. बाजूचे षट्‌कोन जाड कागदातून कापतात. सर्व बाजूंनी सु. ६ मिमी. माया सोडून कापड बेततात व ही माया कागदावर दुमडून कच्च्या टाक्यांनी बसवितात. नंतर दोन षट्‌कोनांच्या सुलट बाजू समोरासमोर धरून कडेवरून बारीक, तिरपे टाके घालतात. सुई कागदात शिरू द्यावयाची नसते. एका षट्‌कोनाभोवती सहा जोडले की फूल होते. अशी दोन फुले कडेने सांधून, थोडी जागा उघडी ठेवून कागद काढून घेतात आणि आत लोकर किंवा भुसा भरतात. कापड तिरपे कापले की ताणते आणि षट्‌कोनाच्या सहाही बाजू धाग्याच्या दिशेने येणे शक्य नसते. त्यामुळे शिवण पुरी होईपर्यंत आकार कागदानेच धरून ठेवावा लागतो. आपल्याकडील गोधडीत थरांवर धावदोरा घालतात. तेथे या साच्याची गरज पडत नाही.

टाचणीसाठी एवढा खटाटोप आज नवलाचा वाटेल. परंतु यंत्रे येण्यापूर्वी टाचणी हाताने घडवीत. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये श्रमविभागणीचे उदाहरण म्हणून हाच धंदा निवडला आणि त्यात सु. अठरा निरनिराळ्या क्रिया असल्याचे नमूद केले.

ब्रिटनमधील सन घातलेल्या ज्ञात ठिगळकामांत सर्वांत जुना असा १७१८ चा रेशमी पलंगपोस याच पद्धतीचा असून तो क्विल्टर्स गिल्ड या ब्रिटिश संस्थेच्या संग्रहात आहे. त्याच काळात भारतातील छापील व रंगीत सुती कापडास इंग्लंडमध्ये मोठी मागणी होती. मराठीतील ‘चीट’ आणि इंग्रजीतील ‘चिंट्झ’ हे शब्द एकाच कुळातील होत. देशी विणकरांच्या हितासाठी १७०० च्या कायद्याने या कापडाची आयात आणि १७२१ च्या कायद्याने त्याचा वापरही निषिद्ध झाला. ही बंदी १७७४ मध्ये उठली. अशा कापडाचा लहानसा तुकडाही जपून ठेवला गेला असल्यास नवल नाही. जेन ऑस्टेन, तिची आई व बहीण कसांड्रा यांनी शिवलेला चौकटीच्या आकृतिबंधाचा पलंगपोस हॅम्पशरमधील चॉटन येथील त्यांच्या घरात जतन केलेला आहे. त्यासाठी तुकडे जमविण्याची आठवण ऑस्टेनने १८११ मधील एका पत्रात बहिणीला केली आहे.

इतिहासकाराच्या दृष्टीने मात्र कापडापेक्षा कागदच अधिक बोलका ठरतो. साच्यांसाठी नवा कागद कोण वापरणार? जुनी पत्रे, हिशेबाची पाने, वर्तमानपत्रे, मुलांच्या कित्त्याच्या वह्या कापल्या जात. या कामावर शिवणारणीचे नाव सहसा नसते. घरातील लिहिणे, वाचणे व खर्च यांची खूण मात्र उलट बाजूस उरते. ती उरते बहुधा अपुऱ्या राहिलेल्या कामात, कारण काम पुरे झाले की कागद काढून टाकण्याचीच रीत होती. म्हणून एखाद्या अर्धवट तुकड्यातील कागद नीटनेटकेपणासाठी उसवून काढणे म्हणजे त्याचा दाखलाच नष्ट करणे होय. तथापि कागदावरील सन हा शिवणीचा सन नव्हे. कागद घरात वर्षानुवर्षे पडून असू शकतो; काम त्या सनापूर्वीचे नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. या सावधगिरीअभावी अनेक गोधड्यांना त्यांच्या वयाहून अधिक वय चिकटते.

षट्‌कोनी आकृतिबंध अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या गोडीज लेडीज बुक या मासिकाने १८३५ मध्ये छापला. पुढे तो ‘आजीची बाग’ या अर्थाच्या नावाने लोकप्रिय झाला. १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या ताब्यात गेल्यावर चांगी येथील बंदिवासातील गर्ल गाइड मुलींनी चिंध्या गोळा करून याच आकृतिबंधाची गोधडी आपल्या नेतृत्व करणाऱ्या बाईंच्या वाढदिवसासाठी गुपचूप शिवावयास घेतली. त्या मुली आठ ते सोळा वर्षांच्या होत्या. ती गोधडी लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझीयममध्ये आहे.